मास्तर घडवायचे की चाळायचे?

२०२५ सालच्या दिवाळीतली गोष्ट. फराळाचा डबा द्यायला म्हणून मी आमच्या मागच्या गल्लीतल्या गुरुजींकडे गेले होते. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. दार उघडेच होते आणि आतल्या टेबलाशी समोरासमोर दोघे जण पुस्तकात डोके खुपसून बसले होते. एक स्वतः गुरुजी, वय सेहेचाळीस. दुसरी त्यांची मुलगी, वय एकवीस. दोघांच्या हातात एकाच परीक्षेचे एकच गाईड. मुलगी नुकतीच डी.एल.एड. झालेली; म्हणजे आपल्या जुन्या भाषेत डी.एड. गुरुजींनी तेच डी.एड. १९९९ साली केले आणि २००१ पासून ते शिकवत आहेत. पण त्या दिवशी बाप-लेक एकाच पायरीवर उभे होते.

"बसा बाई," गुरुजी म्हणाले. "चोवीस वर्षं मी पोरांच्या परीक्षा घेतल्या. आता मला शिकवता येतं की नाही ते बघणारेत. दीडशे प्रश्न, अडीच तास."

"पप्पा, बोलण्यात वेळ नका घालवू. पियाजेच्या अवस्था पाठ झाल्या का?" मुलीने विचारले.

आम्ही तिघेही हसलो. घरी परतताना मात्र ते हसू टिकले नाही. कारण गुरुजी आणि त्यांची मुलगी ज्या कारखान्यातून बाहेर पडले, त्याच जातीच्या कारखान्यात मी जवळजवळ तीस वर्षे नोकरी केली. बी.एड. महाविद्यालयात उद्याच्या शिक्षकांना शिकवले, त्यांचे पाठ पाहिले, त्यांच्या पाठ-वहीत लाल शाईने शेरे मारले. तेव्हा आज जे लिहिते आहे, त्यातला काही दोष माझ्याही पदरात पडणारा आहे, हे आधीच सांगून टाकते.

गुरुजींवर ही वेळ का आली? बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याखाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता ठरवली आणि तीत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. त्याआधी लागलेल्या शिक्षकांना ही परीक्षा लागू नाही, अशीच सर्वांची समजूत होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती समजूत मोडीत काढली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा संपेल, असा तो निकाल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल. पण परीक्षेशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. शिक्षक संघटनांनी आरडाओरड केली, पालकांतल्या अनेकांनी "बरे झाले" म्हटले. दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. पण मूळ प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. चोवीस वर्षांपूर्वी सरकारमान्य प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला शिकवता येते की नाही, अशी शंका सरकारला आज का यावी? मग त्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचा अर्थ काय होता?

एक लांबलचक शिडी

ज्यांच्या घरात कोणी शिक्षक होऊ पाहत नाही, त्यांना ही शिडी किती उंच झाली आहे याची कल्पना नसते. म्हणून थोडक्यात सांगते.

पहिली ते पाचवीला शिकवायचे तर बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एल.एड. मग टीईटीचा पहिला पेपर. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास अशा पाच विभागांचे प्रत्येकी तीस गुण. दीडशेपैकी नव्वद मिळाले की पास. मागासवर्गीयांना थोडी सवलत. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर आणि त्यासाठी पदवी. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड.; अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हे बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते, २०१५-१६ पासून दोन वर्षांचे झाले. मधल्या काळात, २०१८ साली, बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीला शिकवायची मुभा दिली गेली होती. ती ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कारण साधे आणि माझ्या मते बरोबर होते. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला भूमिती शिकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पण त्या पाच वर्षांत दोन्हीकडे पैसा आणि वर्षे खर्च केलेल्या मुलांचे काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. त्यानंतर दुसरी परीक्षा. तिचे नाव शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे प्रश्न, दोन तास. हिला मुले 'टेट' म्हणतात आणि पहिलीला 'टीईटी'. गावाकडचे आई-वडील बिचारे गोंधळतात, "पोरगी तीच परीक्षा किती वेळा देते?" असे विचारतात. ही 'टेट' २०१७ च्या डिसेंबरात झाली, मग थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये. म्हणजे आठ वर्षांत तीनदा. या गुणांवर 'पवित्र' नावाच्या संगणकीय प्रणालीतून निवड होते. पहिली मोठी यादी लागली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. दुसऱ्या परीक्षेची यादी लागली २०२४ च्या फेब्रुवारीत, तीत सुमारे अकरा हजार उमेदवारांची शिफारस झाली.

आणि यादीत नाव आले तरी माणूस लगेच शिक्षक होत नाही. तो होतो शिक्षणसेवक. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत तीन वर्षे मानधनावर काम करायचे. प्राथमिकला हे मानधन कित्येक वर्षे महिना सहा हजार होते. २०२३ पासून ते प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा हजार आणि उच्च माध्यमिकला वीस हजार झाले. बारावी झालेली अठरा वर्षांची मुलगी सगळे नीट जुळले तरी पंचविशीच्या अलीकडे कायम होत नाही. आणि सगळे नीट क्वचितच जुळते. माझ्या हाताखाली बी.एड. झालेला गणिताचा एक उत्तम विद्यार्थी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी अजून तासिका तत्त्वावर शिकवतो. एका अनुदानित संस्थेने त्याच्याकडे जागेसाठी जो आकडा मागितला, त्यात त्याच्या वडिलांची सगळी कोरडवाहू जमीन गेली असती. वडील तयारही होते. मुलाने नको म्हटले.

गंमत अशी की या सगळ्या शिडीच्या टोकावर, महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला मात्र अध्यापनाचे कोणतेही प्रशिक्षण लागत नाही. नेट, सेट किंवा पीएच.डी. झाली की त्याला फळ्यासमोर उभे करता येते. विद्यापीठांच्या उद्बोधन वर्गांची सोय १९८७ पासून आहे. पण ते वर्ग नोकरी लागल्यावर करायचे असतात, आणि बऱ्याच जणांनी ते बढतीसाठी केलेले असतात.

कपडे कुठे वाळत घातले?

आता त्या प्रशिक्षणाच्या आत काय चालते, ते सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. महापालिकेच्या एका शाळेत, सहावीच्या वर्गात, माझी एक छात्राध्यापिका विज्ञानाचा पाठ घेत होती. विषय बाष्पीभवन. मी मागच्या बाकावर पाठ-वही घेऊन बसले होते. आमच्याकडे पाठाचे टाचण आधी काढायचे असते. प्रस्तावनेत चार-पाच प्रश्न विचारून मुलांना विषयापर्यंत आणायचे आणि मग 'तर आज आपण बाष्पीभवन म्हणजे काय ते पाहू' असे हेतुकथन करायचे. जर्मन पंडित हर्बार्टच्या नावाने चालत आलेली ही पायऱ्यांची पद्धत. मुलगी हुशार होती, तयारी चोख होती. तिने प्रश्न टाकला, "आज सकाळी तुमच्या आईने धुतलेले कपडे कुठे वाळत घातले?"

टाचणात अपेक्षित उत्तर होते, 'उन्हात, दोरीवर.' पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "घरातच. चुलीच्या वर दोरी बांधलीय. चार दिवस झाले, ओलेच आहेत. मी ओलीच चड्डी घालून आलोय."

वर्ग खदखदून हसला. छात्राध्यापिका गोंधळली. "नाही नाही, ऊन असतं तेव्हा कुठे वाळत घालतात?" असे म्हणून तिने त्याला खाली बसवले, आपल्या पुढच्या प्रश्नाकडे गेली आणि घाईघाईने हेतुकथन केले.

मी त्या पाठाखाली काय शेरा लिहिला ते मला अजून आठवते. 'प्रस्तावना लांबली. हेतुकथनास विलंब. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे.'

पुढे कित्येक वर्षांनी एका रात्री झोप येत नव्हती, तेव्हा तो मुलगा मला आठवला. बाष्पीभवनाचा अख्खा पाठ त्या पोराने एका वाक्यात आमच्या हाती दिला होता. पावसाळ्यात कपडे का वाळत नाहीत? मग चुलीवर का बांधले? उष्णतेने काय होते? हवेत आधीच ओलावा असला तर काय होते? त्याच्या घरात एकच खोली आहे, हेही त्याने सांगितले होते. शिकवायला यापेक्षा जास्त काय हवे? पण टाचणात त्या उत्तराला जागा नव्हती, छात्राध्यापिकेला ते उचलण्याचे धैर्य आम्ही दिले नव्हते, आणि मला स्वतःला ते ऐकूच आले नव्हते. मी घड्याळ बघत होते.

हे एका पाठापुरते असते तर सोडून दिले असते. आमच्या प्रशिक्षणाची घडणच अशी आहे. आधी सूक्ष्म अध्यापन. सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच मित्र, आणि एका वेळी एकच कौशल्य: प्रश्न विचारणे, फलकलेखन, चेतक बदल, प्रबलन. समोरचा सव्वीस वर्षांचा 'विद्यार्थी' मुद्दाम शहाण्यासारखी उत्तरे देतो, कारण पुढचा पाठ त्याचा असतो. त्यानंतर प्रत्यक्ष शाळेतले सराव पाठ. शाळा कोणाची? दुसऱ्याची. मुख्याध्यापकांच्या पाया पडून तास मागायचे. त्यांचेही चुकत नाही, पालक विचारतात, "पोर्शन मागे पडतो, या शिकाऊ मास्तरांना कशाला घेता?" मग जो तास मिळेल, जो घटक मिळेल, तो घ्यायचा आणि घंटा झाली की निघायचे. ज्या मुलांना आपण शिकवले त्यांना ते कळले की नाही, हे पाहायला आठवड्याने पुन्हा त्याच वर्गात जाता येत नाही. २०१४ च्या नियमांनी शालेय आंतरवासितेचे आठवडे वाढवले हे खरे. पण आठवडे वाढले तरी शाळा परकीच राहिली.

वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतःचे रुग्णालय लागते. रुग्णालय नसेल तर मान्यता नाही, आणि तिथले प्राध्यापक सकाळी स्वतः रुग्ण तपासतात, मगच शिकवतात. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाला मात्र स्वतःची शाळा असावी लागत नाही. आणि त्यातल्या प्राध्यापकाने, माझ्यासारखीने, वीस-वीस वर्षांत शाळेतल्या वर्गावर एकही तास घेतलेला नसला तरी चालते. ऑपरेशन न केलेल्या सर्जनने शस्त्रक्रिया शिकवावी, तसा हा प्रकार आहे.

ट्रेन्ड मास्तर

असे नेहमीच होते का? नव्हते. महाराष्ट्रात मुलींची शाळा सुरू होण्याची गोष्ट आपण सगळे सांगतो. पण एक तपशील सहसा राहून जातो. सावित्रीबाई फुले या प्रशिक्षित शिक्षिका होत्या. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिचेलबाई यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. शेण अंगावर घेऊन शिकवण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होतेच; पण शिकवायचे कसे हेही त्या शिकल्या होत्या.

पुढे व्हर्नाक्युलर फायनल होऊन ट्रेनिंग कॉलेजला जाणारे मास्तर गावोगाव दिसू लागले. 'ट्रेन्ड मास्तर' हा शब्द गावात मानाने उच्चारला जाई. मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९३५ साली प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, कारण खेड्यातल्या शाळेला खेडे समजणारा मास्तर हवा, हे त्यांना कळले होते. आचार्य अत्रे लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले. 'नवयुग वाचनमाले'ने मराठी क्रमिक पुस्तकांचा चेहरा बदलला, तो काढणाऱ्या संपादकाने वर्गात उभे राहून मुले पाहिली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे केले, त्यात तर शाळा आणि प्रशिक्षण यांच्यात भिंतच नव्हती. जिथे आदिवासी मुले शिकत, तिथेच त्यांच्या शिक्षिका शिकत.

त्या काळच्या प्राथमिक ट्रेनिंग कॉलेजला सराव पाठशाळा जोडलेली असे. नावच बघा, सराव पाठशाळा. शिकाऊ मास्तर तिथे रोज शिकवत, जुने मास्तर पाहत, आणि शिकवणाऱ्यांचे शिक्षकही तिथे वर्ग घेत. १९६३ साली केंद्र सरकारने भोपाळ, अजमेर, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे विभागीय महाविद्यालये काढली, तेव्हाही प्रत्येकाच्या आवारात प्रात्यक्षिक शाळा उभारली. महाराष्ट्र भोपाळच्या विभागात येतो. तिथे बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम पूर्वीपासून आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जी चार वर्षांची एकात्मिक पदवी नवी म्हणून सांगितली जाते, ती इतकी नवी नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही हेच दुखणे सांगितले होते. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठापासून तुटले आहे आणि शाळेपासूनही तुटले आहे. साठ वर्षे झाली.

दुकाने कशी उघडली

मग बिघडले कुठे? सत्तर-ऐंशीच्या दशकांत खेड्यातली हुशार मुले डी.एड.ला जात. दोन वर्षांत हमखास नोकरी. चांगले गुण असल्याशिवाय प्रवेश मिळत नसे. या मागणीवर मग संस्थाचालकांची नजर गेली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा, परिषद कामाला लागली १९९५ मध्ये. उद्देश होता दर्जा राखण्याचा. पण पुढच्या दशकात मान्यतांचा पाऊस पडला. तालुक्याला एक, मग रस्त्याला एक. पत्र्याच्या शेडवर बोर्ड, आत एक कपाट आणि एक नकाशा.

हा प्रकार किती टोकाला गेला, त्याचे उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. राज्य सरकार नको म्हणत असताना २००८ साली आपल्याकडच्या २९१ डी.एड. महाविद्यालयांना मान्यता देण्याचा निर्णय झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. देशाच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा आयोग, आणि त्याचे निमित्त आमचा महाराष्ट्र! २०१२ मध्ये आयोगाने अहवाल दिला. त्या २९१ पैकी बहुतांश संस्था मान्यतेला लायक नव्हत्या. देशभरातल्या अशा संस्थांपैकी सुमारे नव्वद टक्के खासगी क्षेत्रात आहेत, हेही आयोगाने नोंदवले.

तोवर नोकऱ्यांचा झरा आटला होता. २०११ च्या ऑक्टोबरात शाळांची विशेष पटपडताळणी झाली आणि कागदावरची मुले वर्गात नाहीत असे उघड झाले. २ मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर बंदी आली. डी.एड. झालेल्या मुलांचे लोंढे रिकामे बसले, नवे प्रवेश घटले, आणि जी महाविद्यालये पावसासारखी उगवली होती ती एकामागून एक बंद पडली. त्यांची फी भरताना ज्यांनी बैल विकला त्यांना बैल परत मिळाला नाही.

या पार्श्वभूमीवर टीईटी आली, हे समजून घ्यायला हवे. कारखान्याची तपासणी करणे अवघड, मग दाराशी चाळणी लावू, असा तो हिशेब. महाराष्ट्रात पहिली टीईटी २०१३ च्या डिसेंबरात झाली. तेव्हापासून बहुतेक वेळा शंभरातले पाचाच्या आतबाहेरच पास झाले आहेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सरकारमान्य प्रमाणपत्र हातात असलेले शंभरातले नव्वदहून अधिक जण जर सरकारच्याच परीक्षेत नापास होत असतील, तर नापास कोण झाले? मुले की त्यांना प्रमाणपत्र देणारे आम्ही?

आणि चाळणीलाही भोके पाडली गेली. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे उघडकीस आले. परीक्षा परिषदेतल्या वरिष्ठांना अटक झाली आणि २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये बनावट शालार्थ क्रमांकांवर शिक्षकांचे पगार काढल्याचे प्रकरण नागपुरातून बाहेर आले. जिथे परीक्षाच शिक्षक ठरवते, तिथे परीक्षेचा बाजार होतो. आपण बारावीच्या बाबतीत हे पाहिले, आता मास्तरांच्या बाबतीत पाहतो आहोत.

मग परीक्षा नकोच का?

असे मी म्हणणार नाही. गुरुजींच्या घरी मी ते गाईड चाळले. पाचवीच्या पातळीवरचे अपूर्णांक, मराठी उताऱ्यावरचे प्रश्न, परिसर अभ्यास. प्राथमिक शिक्षकाला एवढे यायला हवे, यात वाद नाही. ज्या पालकाने पोटाला चिमटा काढून मुलगी शाळेत पाठवली, त्याला असे मास्तर मागण्याचा हक्क आहे. न्यायालयाने मुलांचा हक्क पुढे ठेवला, हे मला मान्य आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले कोणाची असतात? ज्यांना खासगी शिकवणी परवडत नाही त्यांची. त्यांच्या वाट्याला कच्चा मास्तर आला तर त्यांना दुसरा आधार नाही.

पण कागदावरची परीक्षा एवढेच सांगते की माणसाला काय माहीत आहे. ओल्या चड्डीतल्या मुलाचे उत्तर त्याला ऐकू येते का, हे ती सांगू शकत नाही. ते पाहायचे तर कोणीतरी वर्गात जाऊन बसले पाहिजे. चोवीस वर्षांत गुरुजींच्या वर्गात किती जण असे बसले, मी त्यांना विचारले. "तपासणीला येतात की," ते म्हणाले. "हजेरी बघतात, पोषण आहाराची वही बघतात, ऑनलाईन माहिती भरली का विचारतात. फळ्याकडे पाठ करून बसतात बाई."

मला सुचतात त्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. पहिली, सराव पाठशाळा परत आणा. ज्या महाविद्यालयाला स्वतःची किंवा करार करून बांधून घेतलेली शाळा नाही त्याला मान्यता नको, आणि तिथल्या प्रत्येक प्राध्यापकाने आठवड्याला काही तास शाळेच्या वर्गावर शिकवावे. फिनलंडचे गोडवे गाण्याची आपल्याकडे मोठी फॅशन आहे. तिथे १९७९ पासून प्राथमिक शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, हे सगळे सांगतात. पण विद्यापीठाच्या मालकीच्या सराव शाळा आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. चार वर्षांच्या नव्या पदवीलाही हीच अट हवी. नाहीतर दोन वर्षांचे दुकान चार वर्षांचे होईल, एवढाच फरक.

दुसरी, शिक्षणसेवकाची तीन वर्षे. आज ती स्वस्तात काम करून घेण्याची वर्षे आहेत. त्यांना खरी उमेदवारी का करू नये? सुताराकडे पोरगे उमेदवारीला राहते तेव्हा मिस्त्री त्याच्या हातातला रंधा धरून दाखवतो. तसा प्रत्येक शिक्षणसेवकाला जवळच्या शाळेतला एक मुरलेला शिक्षक नेमून द्यावा. त्याने महिन्यातून एकदा वर्ग पाहावा आणि आपला वर्ग पाहू द्यावा. कायम करायचे की नाही, हे तीन वर्षांत पाहिलेल्या त्या वर्गांवरून ठरावे. गुरुजींसारख्या जुन्या शिक्षकांचे मोजमापही परीक्षेच्या जोडीला असे व्हायला हरकत नाही. केंद्रशाळांवर शिक्षण परिषदा भरतातच; त्यांत परिपत्रके वाचण्याऐवजी एकमेकांचे पाठ पाहावेत.

तिसरी गोष्ट अगदीच साधी. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात परीक्षा, ठरलेल्या महिन्यात यादी. दहावीची परीक्षा आपण दरवर्षी लाखो मुलांची घेतो, मग ही का जमत नाही? आठ वर्षांत तीनदा संधी मिळणार असेल तर हुशार मुले या वाटेला येणार नाहीत, आणि न येणाऱ्यांना दोष देता येणार नाही.

पालकांनीही एक करावे. शाळेत गेलो की आपण विचारतो, निकाल किती टक्के लागला. त्याऐवजी वर्गाच्या खिडकीशी दोन मिनिटे उभे राहून मास्तर मुलांचे ऐकतात का, ते पाहावे. आणि शाळेत शिकाऊ शिक्षक आले तर 'पोर्शन मागे पडतो' म्हणून तक्रार करू नये. ते आपल्या मुलांवर शिकले नाहीत तर कोणावर शिकणार?

परीक्षा होऊन गेल्यावर गुरुजी रस्त्यात भेटले. पेपर बरा गेला म्हणाले; मुलीला गणित सोपे वाटले, त्यांना इंग्रजी अवघड. मग स्वतःहूनच सांगू लागले, "लेकीला माझ्या शाळेत घेऊन गेलो होतो बाई, सुट्टी घेऊन चार दिवस. म्हटलं, पास होशील नाहीतर नापास, पण पहिलीच्या पोरांत बसून तर बघ. पहिल्या दिवशी तिचं कोणी ऐकेना. चौथ्या दिवशी एक पोरगं तिच्या मांडीवर झोपलं. तेव्हा मला म्हणाली, पप्पा, हे आमच्या कॉलेजात कोणी सांगितलंच नाही."

मी मान हलवली. सांगायला हवे होते, ते आमचेच काम होते.